अर्ज मागे घ्यायचाय? आजच कळवा

एमपीएससीची गुणवत्ता यादी लागते त्या आठवड्यात पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये वेगळीच गडबड असते. एकच मुलगी राज्यकर निरीक्षकाच्या यादीत असते, सहायक कक्ष अधिकाऱ्याच्या यादीतही असते आणि शिवाय राज्यसेवेच्या मुलाखतीची तयारी करत असते. रुजू ती एकाच ठिकाणी होणार. पण बाकीच्या याद्यांत तिचं नाव आहे तोवर एखाद्या गुणाने हुकलेलं कोणीतरी खाली ताटकळत असतं. हे ताटकळणं कमी व्हावं म्हणून आयोगाने भरतीप्रक्रियेतून बाहेर पडण्याचा विकल्प ठेवला आहे. मुलं त्याला सरळ ‘ऑप्टिंग आउट’ म्हणतात. तात्पुरती गुणवत्ता यादी जाहीर झाली की ठरावीक मुदतीत, सहसा आठवडाभरात, आयोगाच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यातून तो द्यायचा असतो. पत्र पाठवून किंवा ईमेल करून भागत नाही. आणि एकदा दिला की परत फिरवता येईल या भरवशावर राहू नये. ‘अमुक रक्कम देतो, तू बाहेर पड’ असं सांगणारा कोणी भेटलाच, तर बोलणं तिथेच थांबवावं. मग ती माघार राहत नाही, तो सौदा होतो.

यूपीएससीने २०१८ मध्ये अर्ज मागे घेण्याची सोय जाहीर केली, त्यामागचं कारणही असंच व्यवहारी होतं. त्या वेळी नागरी सेवा पूर्वपरीक्षेला दहा लाखांवर अर्ज येत आणि प्रत्यक्ष परीक्षेला त्यांतले जेमतेम निम्मे बसत. प्रश्नपत्रिका, केंद्रं, पर्यवेक्षक यांची तयारी मात्र सगळ्यांसाठी करावी लागे. ही सोय प्रत्येक परीक्षेला असतेच असं नाही, त्यामुळे त्या त्या वर्षीची अधिसूचना वाचावी. फी परत मिळत नाही, हेही धरून चालावं. सरकारी नियुक्तीपत्र हातात पडल्यावर जायचं नाही असं ठरलं, तर गप्प बसून रुजू व्हायची मुदत संपू देण्यापेक्षा विभागाला लेखी नकार कळवलेला बरा. फाइल लवकर पुढे सरकते आणि प्रतीक्षा यादीतल्या कोणाचं तरी वर्ष वाचतं.

खासगी नोकरीत खालच्या नंबरावरचा माणूस आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक. असतो तो तिथेही. एचआरने दुसऱ्या आणि तिसऱ्या पसंतीच्या उमेदवारांना ‘प्रोसेस चालू आहे, कळवतो’ असं सांगून होल्डवर ठेवलेलं असतं. तुम्ही नाही म्हटलं की त्यांना फोन जातो. तुम्ही गप्प राहिलात की तेही अडकतात, आणि मग कंटाळून दुसरीकडे जातात.

अर्ज मागे घेताना लोक मजकुराची फार काळजी करतात. शब्द गोड हवेत, समोरच्याला वाईट वाटू नये, पुढे दार बंद होऊ नये. माझ्या मते यातली निम्मी काळजी वाया जाते. ज्या दिवशी ठरलं त्याच दिवशी कळवलेला दोन ओळींचा कोरडा मेल, जॉइनिंगच्या आदल्या रात्री पाठवलेल्या भरगच्च माफीनाम्यापेक्षा कितीतरी सभ्य असतो.

कुठवर आलात?

नुसता अर्ज टाकलाय आणि कोणाचा फोनही आलेला नाही, तर पत्रबित्र काही लागत नाही. नोकरीच्या पोर्टलवर किंवा कंपनीच्या करिअर पेजवर अर्ज मागे घ्यायचं बटण असेल तर दाबावं, नसेल तर सोडून द्यावं. फोन आलाच तर ‘मी आता नोकरी शोधत नाहीये, धन्यवाद’ एवढं पुरे.

मुलाखतीची वेळ ठरली की परिस्थिती बदलते. तुमच्यासाठी दोन-तीन माणसांनी कामातून तास काढलेला असतो. महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला तर कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि बाहेरगावचे विषयतज्ज्ञ बोलावलेले असतात. चार उमेदवारांतले तीन न कळवता गैरहजर राहिले, तर त्या दिवशी सभागृहाबाहेर बसलेल्या प्राचार्यांचा चेहरा बघवत नाही. निदान आदल्या दिवशी सकाळी कळवावं. त्याच दिवशी ठरलं तर त्याच दिवशी, पण मेलवर विसंबू नये. फोन करावा, कारण मेल मुलाखत संपल्यावर वाचला जातो.

मुलाखत झाली, निकाल यायचाय, आणि तुमचं मन दुसरीकडे वळलंय. इथे बरेच जण ‘आधी ऑफर तर येऊ दे, मग बघू’ म्हणतात. पगाराचा आकडा बघून मन बदलेल असं खरोखर वाटत असेल तर थांबण्यात गैर काही नाही. पण बदलणार नाही हे माहीत असूनही केवळ आकडा कळावा म्हणून थांबलात, तर तिकडे कोणीतरी पगाराची मंजुरी घ्यायला वरच्या साहेबांच्या मागे लागलेलं असतं. ती मंजुरी आणल्यावर तुम्ही नाही म्हणालात, की त्या एचआरला वरून ऐकावं लागतं. हे लोक विसरत नाहीत.

ऑफर स्वीकारून मग मागे फिरणं हे सगळ्यांत जड. आयटीत आणि आता बऱ्याच इतर कंपन्यांतही नोटीस पीरियड साठ ते नव्वद दिवसांचा असतो. म्हणजे आज होकार दिला तर रुजू व्हायला तीन महिने. या तीन महिन्यांत तुमचा प्रोफाइल बाजारात फिरत असतो, ‘नोटीस पीरियडवर आहे’ म्हटल्यावर रिक्रूटरचे फोन वाढतात, आणि आधीपेक्षा मोठा आकडा समोर येतो. मोह होणारच. पण कंपनीच्या बाजूने गणित मांडून बघा. तुम्ही दहाव्या दिवशी नाही म्हणालात, तर दुसऱ्या पसंतीचा उमेदवार बहुधा अजून मोकळा असतो. एकोणनव्वदाव्या दिवशी म्हणालात, तर तो कधीच दुसरीकडे लागलेला असतो; नवा शोधायचा, आणि त्याचाही नोटीस पीरियड तीन महिन्यांचा. जी जागा भरली असं टीमला सांगून झालंय ती सहा-सात महिने रिकामी राहते आणि ते काम कोणाच्या तरी शनिवार-रविवारावर पडतं. एचआरच्या भाषेत अशा उमेदवाराला ‘लास्ट मोमेंट बॅकआउट’ म्हणतात, आणि तो शेरा त्यांच्या सिस्टिममध्ये तुमच्या नावापुढे राहू शकतो.

म्हणून होकारानंतरच्या नकाराला आधी फोन आणि मग मेल. नुसता मेल टाकून फोन सायलेंटवर ठेवायचा नाही. फोनवर फार बोलावंही लागत नाही: “मॅडम, दोन मिनिटं बोलू शकतो का? मी तुमची ऑफर घेतली होती, पण मी जॉइन होऊ शकणार नाही. आज सकाळीच ठरलं, म्हणून लगेच फोन केला. मेलही आत्ता पाठवतो. तुमची गैरसोय होतेय याची कल्पना आहे, त्याबद्दल सॉरी.” यानंतर पलीकडे शांतता पसरेल. ती भरून काढायला लोक बडबडायला लागतात आणि नको ते बोलून बसतात. गप्प राहावं. मॅडम चिडल्या तर ऐकून घ्यावं. त्यांचा तेवढा हक्क आहे.

आधी सांगायचं ते कोणाला

आपल्याकडे नोकरी पोर्टलवरून मिळते तशी माणसांमधूनही मिळते. काकांचे मित्र चाकणच्या कारखान्यात मॅनेजर असतात, मावशीच्या सोसायटीतल्या बाई बँकेत असतात, शाळेतल्या जुन्या सरांनी संस्थेच्या सचिवांकडे शब्द टाकलेला असतो. कंपनीतल्या मित्राने रेफरल दिलेलं असतं. अशा ठिकाणी अर्ज मागे घेताना पहिला फोन एचआरला नाही, त्या माणसाला जायला हवा. तुम्ही येणार नाही हे काकांना मॅनेजरच्या तोंडून कळलं तर जे बिनसतं, ते मग दोन दिवाळ्या निस्तरत बसावं लागतं.

असा फोन कसा असतो, तेही सांगतो.

“काका, चाकणच्या नोकरीबद्दल बोलायचं होतं. मी ती घेत नाहीये. नाशिकला मिळतेय, आणि तिथे डिझाइनचं काम आहे, मला तेच करायचंय.”

“अरे, मी शब्द टाकला होता तुझ्यासाठी. आता मी त्यांना काय सांगू?”

“हो ना काका, म्हणूनच तुम्हाला दुसरीकडून कळायला नको होतं. साहेबांना मीच फोन करणार आहे. पण तुम्हाला आधी बोलायचं असेल तर मी उद्या दुपारपर्यंत थांबतो.”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आधी कोण बोलणार हे काकांवर सोपवलं की त्यांचा मान राहतो. बहुतेक काका म्हणतात, ‘तू कर, मग मी बोलून घेतो.’ काही स्वतः बोलतात. दोन्ही चालतं. दुपारपर्यंत म्हणजे दुपारपर्यंतच, चार दिवस नाही. आणि हा फोन आईने किंवा बाबांनी करायचा नाही. पंचवीस वर्षांच्या मुलाच्या नोकरीचा नकार आई कळवते तेव्हा कारखान्यातला साहेब फोन ठेवून हसतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

कॅम्पस प्लेसमेंटमध्ये हीच जागा ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसरची असते. बहुतेक कॉलेजांत एका विद्यार्थ्याने एक ऑफर घेतली की त्याला पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही. मागे फिरल्यास काय होतं हे प्लेसमेंटच्या नियमांत लिहिलेलं असतं आणि आपण ते सही करताना वाचलेलं नसतं. आधी ते वाचावं, मग टीपीओ सरांना भेटावं, आणि कंपनीला काय, कसं कळवायचं ते त्यांच्याशी बोलून ठरवावं. थेट कंपनीला मेल ठोकला तर पुढच्या वर्षी ती कंपनी कॉलेजात यायला कुरकुर करते, आणि त्याचा फटका तुमच्या ज्युनिअरना बसतो.

कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर पहिला निरोप कन्सल्टंटला. तो वाद घालील, हे गृहीत धरा. उमेदवार रुजू झाल्यावर त्याला कंपनीकडून पैसे मिळतात. वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा बाजारातला नेहमीचा दर. तुम्ही नाही म्हणालात की त्याची कित्येक आठवड्यांची मेहनत पाण्यात जाते. त्याची चिडचिड समजून घ्यावी, पण त्याचं कमिशन हे तुमच्या नोकरीचं कारण होऊ शकत नाही. त्याला लेखी कळवावं आणि कंपनीच्या एचआरशी तुमचं थेट बोलणं झालं असेल तर त्यांनाही त्याच मेलमध्ये घ्यावं. ‘मी सांगतो त्यांना’ म्हणून कन्सल्टंट कधीकधी आठवडाभर सांगतच नाही. तुमचं मन वळेल अशी त्याला आशा असते.

इचलकरंजीतला यंत्रमागाचा कारखाना किंवा लक्ष्मी रोडवरचं दुकान असेल तर मेलची गरजच नाही. ज्या शेठनी चहा पाजून मुलाखत घेतली त्यांना त्यांच्या गिऱ्हाइकांच्या वेळा टाळून फोन करावा. “शेठ, माझं दुसरीकडे जमलं. तुम्ही माझी वाट बघू नका, दुसरा माणूस बघायला लागा.” एवढं स्पष्ट बोललेलं त्यांना आवडतं.

मजकूर

असे मेल सर्रास जातात. एक नमुना बघा:

“कळवण्यास अत्यंत दुःख होते की, घरच्यांशी सविस्तर चर्चा करून आणि खूप विचाराअंती, जड अंतःकरणाने मी या निर्णयाप्रत आलो आहे की, सध्याच्या परिस्थितीत आपली ही सुवर्णसंधी स्वीकारणे मला कदाचित शक्य होणार नाही. कृपया गैरसमज नसावा. भविष्यात योग्य संधी असल्यास मी नक्की विचार करीन.”

जड अंतःकरण श्रद्धांजलीच्या फलकावर ठीक आहे. पण या मेलमधला खरा घोळ ‘कदाचित’मध्ये आहे. एचआर ते वाचून समजते की पोरगा पगार वाढवून मागतोय, आणि तासाभरात फोन येतो. मग तुम्हाला पुन्हा नाही म्हणावं लागतं, आणि दुसऱ्यांदा म्हटलेलं नाही उगाच उद्धट वाटतं. ‘गैरसमज नसावा’ म्हटल्यामुळे नसलेला गैरसमज सुचतो. शेवटचं वाक्य तर उलटंच झालंय. संधी देणारे ते, आणि विचार करणार तुम्ही. आणि एवढ्या सगळ्यात कोणतं पद, कोणती शाखा, मुलाखत कधी झाली याचा पत्ताच नाही. दिवसाला शंभर मेल बघणाऱ्या माणसाला हे शोधायला लावू नये.

तेच असं लिहिता येईल:

विषय : अर्ज मागे घेत आहे – सीनिअर अकाउंटंट, नाशिक शाखा

“मॅडम, नमस्कार.
सीनिअर अकाउंटंट पदासाठी १२ तारखेला माझी दुसरी मुलाखत झाली होती. मी दुसऱ्या ठिकाणची नोकरी स्वीकारली आहे, त्यामुळे या पदासाठीचा माझा अर्ज मागे घेत आहे. कृपया पुढच्या प्रक्रियेतून माझं नाव काढावं.
तुम्ही आणि फायनान्सच्या सरांनी दोन्ही वेळा भरपूर वेळ दिलात. जीएसटीच्या परताव्याबद्दल सरांनी ज्या बारकाईने विचारलं, त्यातून मला बरंच शिकायला मिळालं. दोघांचेही आभार.”

खाली नाव आणि मोबाइल नंबर. यात माफी नाही, कारण अजून ऑफर आलेली नव्हती आणि माफी मागण्यासारखं काही घडलेलं नाही. ऑफर स्वीकारलेली असेल तर एक ओळ वाढवावी: ‘होकार देऊन मागे फिरतो आहे, त्यामुळे तुमची गैरसोय होईल, त्याबद्दल दिलगीर आहे.’ आभारात एक खरी, नेमकी गोष्ट असावी. सुचत नसेल तर नुसतं ‘वेळ दिल्याबद्दल आभार’ लिहावं. ओढूनताणून केलेलं कौतुक लगेच कळतं.

मेल इंग्रजीत असला तरी हाच क्रम ठेवावा: कोणतं पद, काय ठरलं, काय करावं, आभार. एआयकडून लिहून घेतलात तर आलेला मजकूर अर्धा करावा. त्याला ‘अमूल्य संधी’ आणि ‘उज्ज्वल भवितव्य’ यांची फार हौस असते.

शिक्षणसंस्था, सहकारी बँक, पतसंस्था, साखर कारखाना इथे अजून कागदी पत्राला मान आहे. तिथे रीतसर लिहावं:

प्रति,
मा. सचिव, (संस्थेचं नाव व पत्ता)
विषय : सहशिक्षक (गणित) पदासाठीचा अर्ज मागे घेण्याबाबत.
संदर्भ : आपली दि. … ची जाहिरात व माझा दि. … चा अर्ज.
महोदय,
उपरोक्त पदासाठी मी अर्ज केला होता. माझी अन्यत्र निवड झाल्याने मी सदर अर्ज मागे घेत आहे. मुलाखतीसाठी माझ्या नावाचा विचार करू नये, ही विनंती. अर्जासोबत जमा केलेली मूळ प्रमाणपत्रे परत मिळावीत.
आपला विश्वासू,

दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालयात द्यावी, दुसरीवर शिक्का आणि तारखेची पोच घ्यावी. क्लार्क ‘राहू दे हो, कशाला’ म्हणेल, तरी घ्यावी. मूळ प्रमाणपत्रं संस्थेकडे राहिली असतील तर ती मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये, कारण नव्या नोकरीत पडताळणीला तीच लागतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं तर चालतं का? एचआर तुमच्याशी व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलत असेल तर चालतं, पण मेलही टाकावा. निळी टिक ही पोच नव्हे.

कारण किती सांगायचं

एक वाक्य. दुसरी नोकरी घेतली, गाव सोडणं शक्य नाही, पुढे शिकायचं ठरवलं, कामाचं स्वरूप वेगळं निघालं. ऑफर कोणाची आणि आकडा किती, हे सांगायचं बंधन नाही. विचारलंच तर ‘ते मी सांगू शकत नाही’ म्हणणं असभ्य नाही.

खोटं मात्र बोलू नये, आणि हे मी नीतीसाठी नाही, व्यवहारासाठी सांगतोय. ‘आजोबा सीरियस आहेत, गावी राहावं लागणार’ असं सांगून महिन्याभरात लिंक्डइनवर हिंजवडीतल्या नव्या कंपनीचा फोटो टाकणारे इतके झालेत, की आता खरंच आजोबा आजारी असलेल्या मुलावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

त्यांच्याकडचं काही खटकलं म्हणून मागे फिरत असाल, तर? मुलाखत घेणारा उर्मट होता, तीन वेळा वेळ बदलली, लग्न कधी करणार असं मुलीला विचारलं. नकाराच्या मेलमध्ये ही तक्रार घालू नये. त्याने नकारही नीट पोचत नाही आणि तक्रारही. शेवटचा प्रकार गंभीर आहे. त्याबद्दल स्वतंत्रपणे, शांतपणे, तारीख-वार देऊन एचआर प्रमुखांना लिहावं.

नकार ऐकून समोरून ‘किती हवेत ते सांगा’ असा प्रश्न येण्याची शक्यता बरीच असते. पैसे वाढले तर राहणार असाल, तर ते आधीच बोलायला हवं होतं. अर्ज मागे घेण्याचं पत्र हे घासाघिशीचं हत्यार करू नये. एकदा जमेलही. पण तिथे रुजू झाल्यावर पहिल्या अप्रेजलला साहेबांना ते आठवतं. जायचंच नसेल तर ‘पैशांचा प्रश्न नाही, माझं ठरलंय’ हे वाक्य तयार ठेवावं आणि तेच दुसऱ्यांदाही म्हणावं.

‘कंपन्या तरी कुठे कळवतात? चार राउंड घेतात आणि गायब होतात,’ असं तरुण मुलं म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण तुम्ही मेल लिहिता तो त्या एचआरच्या माणसाला. तो माणूस दोन-तीन वर्षांत दुसऱ्या कंपनीत जातो. पुण्या-मुंबईच्या एचआरवाल्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. तो पुन्हा भेटतो, आणि तेव्हा त्याला कंपनी नाही, तुम्ही आठवता.

कागद आणि कायदा

अर्ज म्हणजे करार नव्हे, मुलाखत म्हणजेही नव्हे. तोवर मागे फिरायला कसलीही अडचण नाही. ऑफर लेटरवर सही केलीत की १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कक्षेत येता. तेव्हा ते पत्र काढून वाचावं: जॉइनिंग बोनस, गाव बदलण्याचा खर्च, आगाऊ पाठवलेला लॅपटॉप याबद्दल काय अटी आहेत. घेतलेलं परत करावं, आणि लॅपटॉप कुरिअरने पाठवलात तर पावती जपून ठेवावी. पत्रात नुकसानभरपाईचा आकडा असला तरी तो आपोआप देणं लागत नाही. कलम ७४ नुसार त्या आकड्याच्या मर्यादेत राहून वाजवी तेवढीच भरपाई ठरते. मात्र बाँड हसण्यावारीही नेऊ नये. तीन वर्षं नोकरी करा, नाहीतर दोन लाख भरा, अशी एका सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. ते प्रकरण रुजू होऊन मधेच सोडून जाण्याचं होतं, नुसता अर्ज मागे घेण्याचं नाही; पण सही करण्याआधी वाचायला हवं, हे त्यातून कळतं. मोठी रक्कम गुंतली असेल तर वकिलाला दाखवावं.

एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. होकार दिल्यावर कंपनी तुमची कागदपत्रं पडताळणी करणाऱ्या एजन्सीकडे देते आणि ती एजन्सी तुमच्या सध्याच्या ऑफिसलाही लिहू शकते. तुम्ही मागे फिरलात, सध्याच्याच नोकरीत राहिलात, आणि पंधरा दिवसांनी तुमच्या साहेबांच्या टेबलावर चौकशीचा मेल आला, तर पंचाईत. म्हणून नकाराच्या मेलमध्येच एक ओळ: ‘माझी पडताळणी सुरू झाली असल्यास ती कृपया थांबवावी.’ आधार, पॅन, सॅलरी स्लिपा दिल्या असतील तर त्या नोंदींतून काढाव्यात अशी विनंतीही करावी. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्याने संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसायला सांगण्याचा हक्क मान्य केला आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे, पण विनंती करायला आजही कोणाची आडकाठी नाही.

आणि एक फसवणूक ध्यानात ठेवा. घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम म्हणून नाव नोंदवून घेतात, ऑनलाइन ‘करारा’वर सही घेतात, आणि तुम्ही नको म्हणालात की वकिलाच्या नावाची नोटीस येते: काम सोडलंत, दंड भरा, नाहीतर कोर्टात खेचू, पोलीस घरी येतील. घाबरून पैसे भरणारे खूप आहेत. भरू नका. मेसेज, नंबर, नोटीस सगळं जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. अर्ज मागे घ्यायला पैसे मागणारी कंपनी खरी नसते.

आता उलट्या बाजूची सावधगिरी. दुसरी नोकरी मिळाली असं नुसतं फोनवर कळलं म्हणून पहिलीकडचा अर्ज लगेच मागे घेऊ नये. ‘समजा झालंच’ या शब्दावर अर्ज मागे घेऊन दोन्हीकडून हात रिकामे राहिलेली मुलं दर सीझनला भेटतात. ऑफर लेटर मेलवर यावं, त्यात पद, पगार, ठिकाण, रुजू व्हायची तारीख असावी, तुम्ही ते स्वीकारावं, आणि त्याच संध्याकाळी बाकीच्यांना कळवावं. पत्र यायला वेळ लागत असेल आणि पहिलीकडून तगादा असेल, तर मुदत मागावी: ‘मला शुक्रवारपर्यंत वेळ द्याल का? शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत नक्की कळवतो.’ बहुतेक ठिकाणी तीन-चार दिवस मिळतात. पाचच्या आत कळवायचं मात्र.

मागे घेतल्यावर पस्तावलात तर? होतं असं, नवी नोकरी हातची जाते, कंपनी ऑफर मागे घेते. तीन-चार दिवसांत त्याच एचआरला फोन करून सरळ विचारावं: “मॅडम, मी नाही म्हटलं होतं, पण माझी तिकडची नोकरी रद्द झाली. ती जागा अजून मोकळी असेल तर माझा विचार कराल का? नसेल तरी हरकत नाही.” वेळेत आणि स्वच्छ नाही म्हटलेल्या माणसाला असा फोन करता येतो. काही वेळा जागा खरंच मोकळी निघते. नाहीतर, कोणालातरी कालच पत्र गेलेलं असतं.